मूठभर मीठ

गिरगाव, माघ शुद्ध दशमी

आज दुपारी सभेत बोललो. प्राप्तीवरचा कर सरकारने उठवावा आणि येईल ती तूट मिठावरचा कर वाढवून भरावी, असं म्हणालो. "मूठभर मीठ सगळेच खातात. कुणाला जाणवणारही नाही!" सभा आम्हा वकिलांची, सगळेच प्राप्तीवर कर भरणारे. टाळ्या न पडत्या तरच नवल.

दिवेलागणीला घरी येऊन पगडी उतरवतोय तोच मागच्या चाळीतली भागी दारात. नवरा परळच्या गिरणीत असतो. आमच्या हिला म्हणाली, "वयनी, मूठभर मीठ द्याल? वाण्याकडं महाग झालंय. पेज अळणीच हाय."

ही म्हणाली, "दिवा लागल्यावर मीठ देत नाहीत गं. सकाळी ये."

"व्हय की, माझंच चुकलं," म्हणून ती गेली. तिचं चुकलं! मी आत बसून ऐकत होतो. उठून मूठभर मीठ द्यायला मला कुणी अडवलं होतं? एरवी असल्या समजुतींना मी हसतो. आज तीच सोयीची वाटली. तिच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

तिच्या नवऱ्याच्या पगाराला प्राप्तीचा कर लागतच नाही. आमचा तो कर मी त्याच्या पेजेत घालायला निघालो.

जेवायला बसलो. पानात डावीकडे नेहमीसारखं मीठ वाढलेलं. मी बोट लावलं नाही, रोजच लावत नाही. हिने ते उष्ट्याबरोबर टाकून दिलं.

सगळेच खातात म्हणे!