एका ओळीत सात पेरण्या

तीर्थपुरी,
१२ ऑक्टोबर १९५७

ती. दीनानाथमामांना भालचंद्राचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा ढेकळावर आपटून सुजलाय, तरी टेकलाय असं समजावं). मामींचा दमा आणि तुमची दाढ कशी आहे ते कळवावं. माझी प्रकृती उत्तम आहे. बिघडलंय ते लग्न.

जालन्याच्या काकासाहेब वकिलांकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, हे उपकार मी विसरलेलो नाही. सिनेमावाल्याला ते मुलगी देणार नाहीत, म्हणून भाचा शेतीखात्यात साहेब आहे असं तुम्ही परस्पर ठोकून दिलंत. (मुंबईत मी साबणाच्या आणि हिंगाच्या जाहिरातींचे छोटे सिनेमे काढतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.) मुलगी पाहायला आलो तेव्हा शरयूनं एकच विचारलं, काम आवडतं का? आजवर आपल्या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मनापासून हो म्हणालो आणि तिथंच ठरवलं की लग्न केलं तर हिच्याशीच. पुढं जोंधळ्याच्या पेरणीवर सरकारी माहितीपट काढायचं काम मिळालं, तेव्हा वाटलं, मामांची थाप देवानं निम्मी तरी खरी केली.

इथले रखमाजी पाटील मोठे सज्जन. कॅमेरा येणार म्हणून ते लग्नातला कोट घालून आणि बैलांची शिंगं रंगवून हजर. कोट उतरवायलाच सकाळ गेली. मी म्हटलं, बियाणं नको, नुसती तिफण चालवा. तर त्यांच्या पत्नी सोनूबाई ओटीत जोंधळा घेऊन आडव्या उभ्या. "रिकामी तिफण चालवली त वरीस रिकामं जातं, साहेब. आमी न्हाई चालवू देणार." बरं, पेरा म्हटलं. पण कॅमेऱ्यासमोर आले की रखमाजी बैल थांबवून नमस्कार करत (सरकार बघतंय म्हटल्यावर रामराम न करता पुढं जाणं त्यांच्यात बसत नाही). म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, त्याच ओळीत, आणि दर खेपेला नवं बियाणं! अशा सात पेरण्या झाल्या.

सातवी चालू असताना बांधावर काकासाहेब. होणारा जावई कसं काम करतो ते बघायला न कळवता आलेले, शिवाय स्वतः शंभर एकरांचे मालक. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मी घाबरून म्हणालो, ही नवी पद्धत आहे. त्यांनी रखमाजींना बाजूला नेऊन माझी चौकशी केली. रखमाजींनी माझी बाजू घेतली ती अशी: "साहेब लई गरीब सोभावाचे. पण त्यांच्या हाती जमीन देऊ नका." काकासाहेब चहा न घेताच गेले. मामा, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक,
भालचंद्र

ता. क. : खरं काम पुढंच आहे. तुम्ही लगेच जाऊन काकासाहेबांना सांगा की मी सिनेमावाला आहे. यापुढं लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुसरा ता. क. : पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि आज काकासाहेब शरयूला घेऊन पुन्हा आले. मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "पिक्चरवाले आहात व्हय? मंग हरकत न्हाई. मला वाटलं, सरकारनं तुम्हाला शेतकऱ्यांना शिकवायला पाठवलंय." शरयू पदर तोंडाला लावून हसली. लग्न ठरलं! त्यांची अट एकच : बोलणी करायला दीनानाथराव नकोत. मी ती आनंदानं मान्य केली, राग मानू नये. अंतरपाटाच्या वेळी माझ्यामागं उभं राहायला मामा लागतोच, तेवढ्याला अवश्य यावं. तिथं मामाला काही बोलावं लागत नाही.