विहिरीत राहिलेला गणपती

बिकानेर, २८ सप्टेंबर १९९१

ती. दादास नमस्कार. साष्टांग या खेपेस घालत नाही.

मी बरा आहे. हवेलीतली जुनी चित्रं नव्याने रंगवतोय. इथे उंटाचे केस कातरून त्याच्या अंगावर वेलबुट्टी काढतात. तुझ्यापेक्षा त्या उंटाला कला जास्त कळत असेल.

चवथीला पातोळ्या करून बघितल्या. हळदीचं पान इथे कुठलं? पळसाच्या पानात उकडल्या, तर सगळं पीठ पानालाच चिकटलं. तळ्याच्या मातीचा अंगठ्याएवढा गणपती केला नि त्याला त्याच दाखवल्या. बिचाऱ्याने तक्रार केली नाही. संध्याकाळी बादलीत सोडला, तो बघता बघता विरघळला.

आणि तू विचारतोस, आपल्या विहिरीतला गणपती अजून तसाच आहे, त्यावर काय ओतू? काही ओतू नकोस! प्लास्टर आहे ते.

"यंदा एवढ्या लांबून येऊ नकोस, गणपतीचं मी बघतो," असं लिहिलंस, तेव्हा वाटलं, बाबांसारखी तू माती मळशील. इब्रामपुरात बांधाबांधावर चिकणमाती, आणि तू डिचोलीच्या बाजारातून चकचकीत बघून उचलून आणलास!

वहिनी आता पाणी कुठून आणते? आईला त्या गुडघ्यांनी नदीवर पाठवत नाहीस ना? ते मात्र लिहिलं नाहीस.

मूर्ती वर काढ नि मी येईपर्यंत पडवीत झाकून ठेव. आई म्हणेल, देव रुसला. तिला सांग, देव नाही, धाकटा रुसलाय.

सगुण