धोंड्याचं ताट आणि आठवड्याची सुई

१२ एप्रिल, जालना
सकाळी काट्यावर ९६. दिवाळीत ११३ होतो. वजन उतरायची आठवड्याची सुई लागू पडली, बिलकुल. बीपीची गोळी निम्म्यावर आली. ऑफिसचे दोन मजले न थांबता चढलो. शेजारच्या टेबलावरचे देशपांडे माझ्याच बरोबरीनं घेऊन राह्यलेत, त्यांचं फार काही उतरलं न्हाई. माझ्याकडं असं बघतात जसं मीच त्यांचं औषध पळवलं. डॉ. म्हणाले, सगळ्यांना सारखी लागू होत न्हाई, आणि बंद केली की बहुतेकांचं वजन परत येतं, ध्यानात ठेवा. ठेवलं.
सुनीताचं एकच, "आमच्या आष्टीला सांगू नका. आई म्हणंल, जावयाला कोणता रोग झाला." बरं बाई.

३ मे
आंब्याची पेटी आली. एक फोड खाल्ली. गोड होती. बस. मागच्या साली पेटी पुढ्यात घेऊन बसायचो, कोयीसुद्धा सोडत न्हवतो. कमी खातो त्याचं काही न्हाई हो, पण दिवसभर काही खावंसंच वाटत न्हाई. सुनीता रोज विचारायची, संध्याकाळी काय करू? मला काही सुचायचंच न्हाई. आता ती विचारत पण न्हाई. फार वाईट वाटलं.

१७ मे
आजपासून अधिक महिना. सकाळीच सासूबाईंचा फोन. "बापू, रविवारी धोंडे खायला या. तीन वर्षांनी येतो हा महिना. माझे गुडघे पाहता पुढच्या टायमाला मी असंल का न्हाई." मागच्या वेळी मी किती धोंडे हाणले ते अजून गावभर सांगतात. मंग डोकं चालवलं. या आठवड्याची सुई घ्यायचीच न्हाई. रविवारपर्यंत भूक येईल. डॉ.ना विचारलं न्हाई. केवढा शहाणा मी!

२४ मे
भूक आलीच न्हाई. एक सुई चुकवली म्हणून औषध अंगातून लगेच जात न्हाई, हे आता वाचलं.
सासूबाईंनी पहाटे उठून पुरण घातलेलं. दीड धोंडा तुपात कालवून कसाबसा गेला, मंग हात थांबला. "घ्या न बापू." घेववेना. धोंड्याच्या ताटावर जावई हात आखडून बसला की लोक काय समजतात, हे मला माहीत न्हवतं का? आहेर कमी पडला, जावई रुसला. चुलत सासू बोललीच, "नुसत्या कापडावर भागवलं न." सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर...
सासूबाई उठल्या. मोरीत जाऊन, साबण लावून, बोटातली अंगठी काढून आणली. सासरे गेल्यावरही कधी काढली न्हवती. माझ्या बोटात घातली. बराबर बसली, माझी बोटं बारीक झालीत ना. "आता तरी घास घ्या. चुकलंमाकलं पोटात घाला."
खाल्ले. आणखी चार का पाच, मान खाली घालून. सगळे हसले. जावयाचा रुसवा निघाला म्हणे.
घरी येताना, वाटेत परतूर यायच्या आधी गाडी थांबवून सगळं ओकलो. सुनीता पाठीवरून हात फिरवत रडत होती. "मीच सांगू नका म्हणाले." पण तोंड तर माझंच होतं.

३१ मे
डॉ.कडं गेल्तो. लई बोलले, मनानं बंद-चालू करायचं औषध हे न्हाई. सुई परत सुरू. अंगठी कपाटात ठेवली. कपाट उघडलं की दिसते.

७ जून
फोन करून सांगून टाकलं. "आई, मी रुसलो न्हवतो. वजन उतरायला सुई घेतो, तिनं भूकच लागत न्हाई."
सासूबाईंनी विचारलं, "भूक न्हवती, तर नंतर कसं खाल्लं हो बापू?"
"तुम्ही अंगठी दिली न, म्हणून..."
मला लाज वाटली म्हणून, असं म्हणायचं होतं.
"हां," त्या म्हणाल्या. "तेच मला त्या दिवशी कळालं. राहू द्या तुमच्याकडंच."
आवाजात राग न्हवता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगठीसाठीच खाल्लं, असंच कबूल करून बसलो मी!

१४ जून
उद्या अधिक महिना संपतो. सकाळी आष्टीला निघतो, अंगठी घेऊन. सुनीता येते म्हणाली, न्हाई म्हणालो. समोर बसून बोलायचं, जे काय होईल ते होवो.
येतो म्हणून सासूबाईंना कळवलं. आत्ता मेव्हण्याचा फोन आल्ता. "दाजी, आईनं विचारलंय, जेवायला थांबणार का?"