दहा मिनिटांची भेट

प्रिय नूरगुल,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या लेकीला पत्र लिहितेय, म्हणजे म्हातारीला चळ लागला म्हणशील. पण समोर बसले की मी चहा ओतत राहीन आणि बोलायचं ते गिळून टाकीन. म्हणून हा कागद. एकटीच वाच.

मंगळवारी सकाळी मी वाचनालयात जाते ती विणकामाला नाही, डच शिकायला. हॉलंडात, या अल्मेलोत, बेचाळीस वर्षं काढली आणि आता बासष्टाव्या वर्षी ‘माझं नाव हाजर, मी तिसऱ्या मजल्यावर राहते’ घोकतेय. शिकवणाऱ्या विल्माबाई कॉफीबरोबर एकच बिस्किट देतात आणि डब्याला झाकण लावतात. मी बकलावा नेला तर म्हणाल्या, “अहो, एवढं गोड खाऊन डोकं चालेल का?” आणि स्वतः तीन तुकडे खाल्ले. परवा म्हणाल्या, “हाजर, तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता. कळलं नाही तर तसं सांगा की, त्याला काय पैसे पडतात?” वर्ग हसला, मीही हसले. खरं तर बेकरीत, दवाखान्यात, जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीशी मी त्या एका ‘हो’वरच जन्म काढलाय.

गेल्या मंगळवारचा धडा होता शाळेतल्या भेटीचा, मास्तर आईबापांना दहा मिनिटं बोलावतात त्या. विल्माबाई झाल्या मास्तर, मी झाले आई. त्यांनी वाचलं, “मुलीला कामधंद्याच्या शाळेत घालावं असं आमचं मत आहे. तुम्हाला पटतं का?” खाली दोन उत्तरं छापलेली होती. हो, पटतं. नाही, मला आणखी बोलायचंय. मला एकही वाचता येईना. हा प्रश्न मी ऐकलेला होता, बाळा.

तू बारा वर्षांची होतीस, वर्गाबाहेर कोट टांगायच्या खुंट्यांखाली बसलेली. “आई, मी आत येते, तुला सांगते ते काय म्हणतात ते,” म्हणालीस. मी खेकसले, “आईला काय मुकी समजलीस? बस इथंच.” पोरीचं बोट धरून आत जायची मला लाज वाटली. मास्तरांनी कागदावर बोट ठेवून तो प्रश्न सावकाश दोनदा विचारला, म्हणून तर तो कानात राहिला. मी दोन्ही वेळा हो म्हटलं, सही केली, हात मिळवला. आणि बाहेर येऊन तुला सांगितलं, “खूप भांडले गं, पण आपल्या तुर्की माणसांचं ऐकतंय कोण!”

औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहायचं होतं तुला, आणि त्या शाळेतून तिथवर वाट जात नव्हती. दोन दिवस तू जेवली नाहीस. आज तू म्हाताऱ्यांना आंघोळी घालतेस, त्यात कमीपणा नाही, पण ते तू निवडलं नव्हतंस. तुझे बाबा मरेपर्यंत त्या मास्तरांना शिव्या देत राहिले. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि मी गुपचूप चहा ओतत होते. मला स्वतःची फार लाज वाटते, नूरगुल.

तरीही मी गप्पच बसले असते. पण रविवारी तुझ्या डेफ्नेच्या शाळेच्या भेटीचा विषय निघाला आणि तू म्हणालीस, “जाऊन काय उपयोग? तुझं तरी कुठे ऐकलं त्यांनी!” मी पावाची टोपली पुढे सरकवली. माफी नंतर दे, नाही दिलीस तरी चालेल, पण गुरुवारी जा. डेफ्नेला बाहेर बसवू नकोस, आत घेऊन जा. ते विचारतात गं. मलाही विचारलं होतं.

तुझीच, खोटं बोललेली,
आई