चार माणसांचा हप्ता

दादा,

तुझे टॅक्सचे कागद टेबलावर ठेवले आहेत. इथे अमेरिकेत आरोग्यविम्याचा हप्ता घरच्या उत्पन्नावर आणि माणसांवर ठरतो, माणसं जास्त तितका कमी, म्हणून तिथे तू आईला न विसरता मोजलंस: माणसं चार. पाहुणे आले, की मात्र तिचं ताट बेसमेंटमध्ये जायचं. "तिला खालीच बरं वाटतं," असं तू हसून सांगायचास.

तिला मी श्रूजबरीला माझ्याकडे नेत आहे. यंदापासून तिचा सगळा खर्च माझा, तेव्हा फॉर्मवर तिचं नाव घालू नकोस. तिघांचा हप्ता मी काढून पाहिला, बराच वाढतो.

बेसमेंट झाडून ठेवलं आहे, तिथला अंधार तेवढा निघाला नाही. वहिनीला सांग, आईची उणीव आता तुम्हाला दरमहा न चुकता जाणवेल.

मृण्मयी