सरांची वीस पावलं

सर, यंदाही आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं होत आली, तरी ही बातमी सांगायला मला तुम्हीच आठवता, कारण बाकी गावाला ती माझ्याआधी कळलेली असते. वडवणीत बेसबॉलचे नियम धड चार माणसांना येत नाहीत, पण आपण हरलो कशामुळे हे मात्र झाडून सगळ्यांना येतं. मुलांचा संघ क्रिकेटने कधीच गिळला. तुम्ही सुरू केलेला मुलींचा संघ तेवढा उरलाय, आणि ज्यांच्या बहिणी, लेकी कधीकाळी त्यात खेळल्या, अशी दहा-बारा माणसं रोज संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून त्याचा पंचनामा करतात. मीही बसतो. रिटायर झाल्यावर माणूस जाणार कुठे?

उन्हाळ्यात सामने नसतात म्हणून भांडणाला जास्त जोर. तुमच्या वेळी मे महिन्यात मैदानाला पाणी मारलं, चेंडू शिवून घेतले की झालं. आता उन्हाळाभर फेरबदल चालतात. गेल्या वर्षी पहिल्या बेसवरची मुलगी उचलून मागे मैदानात टाकली, मागची पुढे आणली, बाहेरून एक शिकवणारा पंधरा दिवसांसाठी बोलावला. तो रोज मुलींना पळायला लावून झाडाखाली मोबाईल बघत बसायचा. हॉटेलवाले मामा, ज्यांची थोरली तुमच्या पहिल्या संघात होती, ते उकळत्या चहावरून म्हणतात, "पोरी लई गुणाच्या हायत, पण बाहेर गेल्या की त्यांच्या अंगात वारंच ऱ्हात न्हाई." आपले रिटायर कंडक्टर, ज्यांना प्रत्येक सामना तिकिटाच्या नंबरासारखा पाठ आहे, ते बोटं मोजत सांगतात, "घरी सराव बघा. वाघिणी हायत वाघिणी. अन् जिल्ह्याला गेलं की बेसच्या दोन पावलं आधीच लोळतेत. लोळून बेस शिवायचा, का बेस बघून लोळायचं?" सगळे हसतात. मी सगळ्यांच्या मागून हसतो.

या सगळ्यांचा राग आता एकाच मुलीवर आलाय. आपली चेंडू टाकणारी, पिचर. वीस वर्षांची आहे, एसटीच्या मेकॅनिकची लेक, डावखुरी. सर, तुम्ही तिचा चेंडू बघायला हवा होता. इथल्या मैदानावर तो प्लेटच्या कडेला असा पडतो की बॅट घेऊन उभी असलेली मुलगी फिरवू की नको म्हणेपर्यंत मागे झेलला जातो. तिला पोलिसात जायचंय. राज्य स्पर्धेचं एक सर्टिफिकेट मिळालं तर भरतीत खेळाडूंच्या जागेवर बसता येईल, एवढाच तिचा हिशोब. पुढच्या हंगामानंतर वय, कॉलेज, घरचे, सगळंच आडवं येणार, म्हणून जे काही व्हायचं ते तोवरच. आणि यंदा जिल्ह्याच्या मैदानावर तिचा प्रत्येक दुसरा चेंडू प्लेटच्या अलीकडेच मान टाकत होता. अंपायर प्रत्येक वाया गेलेल्या चेंडूला बॉल-बॉल म्हणत राहिला, समोरच्या मुली न मारताच बेसवर चालत गेल्या, आणि आपली मंडळी बाहेर शिव्या घालत राहिली.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा हा खेळ समजून घेतला होता, आठवतं? तुम्ही कुठल्याशा शिबिरातून नियमांचं पुस्तक घेऊन आला होतात. बाई ओट्याशी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला परतत होत्या, फोडणीचा आणि कढीपत्त्याचा वास सुटला होता, आणि तुम्ही जमिनीवर चार वाट्या मांडून आम्हा पोरांना बेस समजावत होतात. मधलं फुलपात्र म्हणजे पिचर, आणि चौथी वाटी होम प्लेट, जिच्यावर पिचरने चेंडू टाकायचा. बाई म्हणाल्या, "अहो, त्या वाट्या लागत्यात मला," तर तुम्ही म्हणालात, "थांब जरा, हा पोरगा तिसऱ्या बेसवर हाय." मला अजून ते वाक्य आठवलं की हसू येतं. नंतर त्याच वाट्यांतून आम्ही सुशीला खाल्ली, तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं, आज मी होम प्लेट खाल्ली.

मला मोजणी खात्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला टेप दिलात. कातडी डबीतला, तीस मीटरचा, एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर. "लोकाच्या जमिनी मोजणार हाय तू," म्हणालात, "सरकारी टेप ताणून ताणून लांबलेला असतो. हा तुझा." तीस वर्षं मी तो वापरला. चकलांब्यापासून कड्यापर्यंत, सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड उगारून उभे असलेल्या बांधांवर मी तो धरला. टेप खोटं बोलत नाही, हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की लोक मला मागून टेपवाला म्हणायला लागले. मला त्याचा राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता.

मग तो उन्हाळा. शाळेने मैदानाला भिंत घातली आणि आपलं जुनं आखलेलं मैदान अर्धं भिंतीत गेलं. सगळं नव्याने मांडायचं ठरलं. मोटारसायकल घसरल्यापासून तुमचा डावा गुडघा धड नव्हता, पाय थोडा ओढत चालायचात, पण ते कुणी बोलून दाखवलेलं तुम्हाला चालायचं नाही. पहिलं मैदान तुम्ही पावलांनी मोजलं होतं, प्लेटपासून पिचरपर्यंत वीस पावलं आणि वर एक वीत, म्हणून हेही पावलांनीच. मी रजा काढून आलो होतो. तुम्ही चालायला लागलात आणि मी पिशवीतून टेप काढला. तुम्ही थांबलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी चढला. "कावून काढला तो? लोकाचे बांध मोज बे. माझी पावलं मोजू नको." शाळेचा शिपाई फावडं धरून बघत होता. माझे कान तापले. मी टेप पिशवीत ठेवला. तुम्ही मोजत गेलात, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक डाव्या पावलाला पाय जरासा अलीकडेच टेकत होता. विसाव्या पावलावर आपण पिचरने उभं राहायची खूण म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा सिमेंटमध्ये बसवला. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

त्या फरशीचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळलं तर तुम्ही खूप हसाल, किंवा चिडाल. हंगामाचा पहिला नारळ तिच्यावर फुटतो. गुरुपौर्णिमेला मुली तिला हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात. नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं जातं, ही सरांची खूण, हिच्यावर चप्पल घालून उभं राहायचं नाही. आणि संघ हरायला लागला तेव्हा गावाने एक म्हणच करून टाकली: सर गेले अन् संघ गेला. मामा म्हणतात, कंडक्टर म्हणतात, मीही शंभरदा म्हटलंय. फार सोयीची म्हण आहे सर. तीत तुमचा मोठेपणा येतो, आमचं दुःख येतं, आणि पुढे कुणी काही विचारत नाही.

महिन्यापूर्वी ती पिचर मुलगी सकाळी सरावानंतर माझ्याजवळ आली. मी भिंतीच्या सावलीत बसलो होतो. ती घाम पुसत म्हणाली, "काका, माझं चुकतंय कुठं? हितं बरोबर पडतं की. तिकडं गेलं की प्लेट लांब दिसती." मी म्हणालो, दिसतं तसं, मनाचे खेळ असतात, खांदा सैल सोड. ती गेली नाही. पायाने माती उकरत उभी राहिली आणि म्हणाली, "मी फरशी सोडून जरा मागं हून टाकून बघू का? दोन पावलं? मला वाटतंय तसं केलं तर जमल." सर, वीस वर्षांच्या पोरीला कुणी न सांगता कळलं होतं. तिला फक्त कुणीतरी "बघ" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "सरांची खूण सोडायची नाही." तिने लगेच कानाला हात लावला आणि फरशीच्या पाया पडली. माझ्याकडे बघून ओशाळं हसली, जणू तिनेच काही वेडंवाकडं बोलून टाकलं होतं.

त्यानंतर मला घरात बसवेना. एका पहाटे मी टेप घेऊन मैदानात गेलो. एक टोक प्लेटजवळ खिळ्याला अडकवलं आणि फरशीपर्यंत चालत गेलो. पुस्तकात साठ फूट सहा इंच आहे. आपल्याकडे चार फूट दोन इंच कमी. बेसही मोजले, सगळे थोडे थोडे कमी. आपल्या मुली दोन पावलं आधी का लोळतात, याचं उत्तर तिथे जमिनीवर आखून ठेवलेलं होतं. मी बरोबर पहार नेली होती. फरशीच्या कडेला एकदा घातली. सिमेंट चांगलं कालवलं होतं आपण, टवकासुद्धा उडाला नाही. पण ते खरं कारण नाही. मनात आलं, फरशी उखडून मागे बसवली तर सकाळी काय सांगू? अठरा वर्षांत या फरशीवर उभ्या राहिलेल्या, रडत घरी गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींना काय सांगू, की तुमचा हात कमी पडला नव्हता? मैदानाच्या फाटकावर तुमचं नाव आहे. आणि लोक मला विचारतील की टेपवाले, तुम्ही त्या दिवशी तिथंच होता ना? मी पहार उचलून घरी आलो.

परवा हॉटेलात बैठक झाली. विषय एकच, पिचर बदलायची का. एक क्रिकेटमधली फास्ट बॉलर मुलगी बाहेरून आणायचं ठरत होतं. कंडक्टर म्हणाले, "हिचं मन कच्चं हाय. घरी भारी, बाहेर खलास. सरांच्या येळंला असली पोरगी टिकलीच नसती." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोला. तुमी सरांच्या हाताखालचे." मला वाटलं, आता बोलतो. तोंड उघडलंही. आणि मी म्हणालो, तुम्ही ठरवाल ते. तिला काढलं. काल संध्याकाळी ती माझ्या घरी आली, संघाचा हातमोजा धुऊन, वाळवून, तेल लावून घेऊन. आमच्या सौभाग्यवतीने तिला चहा दिला. ती कपबशीकडे बघत म्हणाली, "काका, सर असते तर त्यांनी सांगितलं असतं ना मला, काय चुकतंय ते?" मी हो म्हणालो.

हे पत्र मी फाडणार नाही, आणि कुठे टाकणारही नाही, कुठे टाकायचं? टेपच्या डबीत घडी करून ठेवेन. फक्त एक गोष्ट राहिली. वर लिहिलंय की पहाटे मोजलं. मोजलं ते खरं, पण मी मोजायला गेलो नव्हतो, अजूनही तेवढंच आहे का हे बघायला गेलो होतो. त्या उन्हाळ्यात फरशी बसवल्यावर तुम्ही नळावर हातपाय धुवायला गेलात, शिपाई फावडं ठेवायला गेला, तेव्हा सिमेंट ओलं होतं. मी पिशवीतून टेप पुन्हा काढला होता सर. तेव्हाही चार फूट दोन इंचच कमी होतं.