चाळीस फुटांवरची कबुली

ती. विस्कोमामांस,

श्पिरोचा वाकून नमस्कार. (परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच.) स्प्लिटला लेकीकडे गुडघ्याला आराम पडला का? पेरीनाने तुमच्यासाठी सार्डिन खारवून ठेवलेत, संत रोकोच्या सणाला नक्की या.

इकडे सगळं क्षेम. फक्त होडीच्या डोलकाठीच्या टोकावरची कप्पी तडकली, शीड चढेना, आणि सणाची शर्यत आठ दिवसांवर. चढणं भाग होतं. चढायचे नियम तुमचेच: बसायला कापडी झोळी, तिचा दोर ओढायच्या हातचरकावर, दुसरा दोर कमरेला, तो निराळ्या माणसाच्या हाती, हत्यारं सुतळीने बांधलेली, आणि वरच्याने सांगितल्याशिवाय खालच्याने चरकाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियमच अंगाशी आला. कारण माझं वजन ओढण्याइतका दणकट माणूस बंदरात एकच, माझा मेव्हणा लुव्रे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या गोळे फेकायच्या डावापासून आमचं बोलणं बंद. (कुणाचा गोळा खुणेच्या गोळ्याच्या जास्त जवळ पडला, एवढाच वाद. तुम्ही काटकीने मोजून ‘दोन्ही सारखेच’ म्हणालात, तरीही.)

मग दुसरा दोर धरून पेरीना, माझी बायको आणि त्याची बहीण, मध्ये उभी राहिली. मी वरून म्हणायचं, ओढायला सांग; तिने म्हणायचं, दादा, ओढ; त्याने तिलाच विचारायचं, थांबू का विचार त्याला. असे निरोप पाठवत एकदाचा टोकाला पोचलो. कप्पी बदलली. (वरून गाव फार छान दिसतं, पाद्रीबाबांनी गच्चीवर वाळत घातलेल्या लेंग्यांसकट.) आता उतरायचं, तर खालून पेरीना ओरडली, “दोर धरायला आलेय मी, तुमचे निरोप वाहायला नाही! आता तुमचं तुम्ही बोला!”

आणि ती गप्प. दोर मात्र घट्ट धरून. लुव्रेने चरकाचा दोर खुंटीला पक्का केला आणि हाताची घडी घालून समुद्राकडे बघत बसला. मी शीळ घातली, खोकून पाहिलं. पायांना मुंग्या आल्या. धक्क्यावरची म्हातारी मंडळी आपला डाव टाकून माझ्याखाली जमली. (बरोबर खाली नव्हे, पेरीनाने त्यांना लांब हाकललं.) शेवटी अर्ध्या तासाने माझा ताठा संपला. “लुव्रे, घे रे बाबा खाली!”

“गोळा कुणाचा जवळ होता?”

“तुझा! तुझाच, मेल्या!”

धक्क्यावर टाळ्या पडल्या. पण मामा, त्याने मला इतक्या जपून उतरवलं, हातभर सोडायचा आणि विचारायचा, “श्पिरो, लागत नाही ना?” खाली आल्यावर माझी बोटं वळेनात, तर गाठीही त्यानेच सोडल्या. खरं सांगतो, मला रडू आलं. त्यालाही आलं, पण तो म्हणतो वारा होता. मग आम्ही पाव, मासे आणि वाइन घेऊन होडीतच बसलो, आणि तीन वर्षांचं साचलेलं बोललो. फार बरं वाटलं.

तुमचा, सध्या जमिनीवर असलेला भाचा,
श्पिरो

ता. क. दुसऱ्या पेल्यानंतर लुव्रे म्हणाला, त्या संध्याकाळी तुम्ही त्याच्या कानात सांगितलं होतं, ‘तुझाच गोळा बोटभर जवळ होता, पण कुठे बोलू नकोस.’ मामा! माझ्या कानातही तुम्ही अक्षरशः हेच सांगितलं होतंत! मी अजून तोंड उघडलेलं नाही.

ता. ता. क. सणाला तो तुम्हाला चारचौघांत विचारणार आहे. बेधडक त्याचाच म्हणून सांगा. टोकावरचा दिवा बदलायचा राहून गेला (नवा बल्ब सगळा वेळ माझ्या खिशातच होता), तो सणाच्या सकाळी बदलायचाय. लुव्रे विचारेल तेव्हा मी बहुधा वरच असेन.